नांदेड ते लातूर, ताराच्या केसांसाठी शांपू शोधत

मे महिन्यात, त्यातही दुष्काळात, मराठवाड्यात फिरायला जावं असं कुणाच्या डोक्यात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं. बसूचा, माझ्या धाकट्या भावाचा, लातूरहून फोन आला. त्याच्या मुलाचं जावळ होतं. "अक्का, ये म्हणती आई," तो म्हणाला. मग जरा थांबून, "तिलाबी आण म्हणली." तिला म्हणजे माझ्या मुलीला, ताराला. तारा आठ वर्षांची आहे आणि तिच्या आजीनं तिला एकदाही पाहिलेलं नव्हतं. फोन ठेवून मी ओट्याला टेकून रडले आणि त्याच दुपारी तिकिटं काढली.

कारण थोडक्यात सांगते. माझा नवरा ओतिएनो केनियाचा. पुण्यात शिकायला आला आणि इथलाच झाला. माझं माहेर लातूरचं, भुसार मालाच्या दुकानदारांचं, सोमवारी चूल थंड ठेवणाऱ्या शिवभक्तांचं. आमचं लग्न झालं त्या दिवशी आईनं डोक्यावरून आंघोळ केली आणि 'लीला गेली' असं गल्लीत सांगून टाकलं. त्यानंतर इतकी वर्षं मी तिच्या लेखी गेलेलीच होते.

ताराचे केस बापाकडून आलेत. दाट, काळेभोर, पेनातल्या स्प्रिंगसारखे घट्ट वळलेले. ओतिएनो स्वतः डोकं तासून ठेवतो, त्यामुळे या बाबतीत त्याचा उपयोग शून्य. मला शिकवलं ते तिकडं केनियात, किसुमूला राहणाऱ्या नणंदेनं, फोनवर, ओरडून ओरडून. ज्यांच्या घरी असे केस आहेत त्यांच्यासाठी तिचं ज्ञान इथं उतरवते. हे केस मुळात कोरडे. टाळूचं तेल त्या वळणांवरून टोकापर्यंत पोचतच नाही. म्हणून फेसाचा डोंगर करणारा, धुतल्यावर केस करकर वाजवणारा शांपू घ्यायचा नाही. बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचायची आणि त्यात सल्फेट दिसलं की बाटली परत फळीवर. आठ-दहा दिवसांतून एकदा धुणं पुरे. नंतर कंडिशनर ओंजळभर, आणि केस ओले असतानाच बोटांनी गुंता काढायचा, टोकाकडून मुळाकडे. कोरड्या केसांत कंगवा घालायचा नाही, टॉवेलनं खसाखसा पुसायचं नाही. आणि दोन-तीन बादल्या पाणी हाताशी हवं. लातूरला निघालेल्या बाईनं हे शेवटचं विसरावं, याला काय म्हणावं?

विसरले असं तरी कसं म्हणू? निघण्याआधी पाच तास बसून ताराच्या बारीक बारीक वेण्या घातल्या होत्या. दोन आठवडे धुवायची गरज पडू नये म्हणून. शांपू आणि कंडिशनरच्या बाटल्या आपल्या असाव्यात म्हणून बॅगेत टाकल्या, एवढंच.

पुण्याहून रेल्वेनं नांदेड, एक मुक्काम मावशीकडं, मग एसटीनं लातूर असा बेत होता. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. माहेरच्यांपैकी तिनं एकटीनंच मला फोन करणं सोडलं नव्हतं, आणि आईचं मन वळवलं तेही तिनंच. गाडी सकाळी पोचते. स्टेशनवरून सिडकोतल्या मावशीच्या घराकडं जाताना रिक्षा गोदावरीच्या पुलावर आली. खाली पाण्यापेक्षा खडकच जास्त होते.

"अगं माय, कसलं गोड लेकरू!" मावशीनं ताराला दारातच पोटाशी धरलं. मग तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंड पाडलं. "पर हे काय करून ठेवलीस लीले? लेकरू पहिल्यांदा आजोळी चाललंय. न्हाऊ घालून, मोकळं डोकं करून न्यावं. अशा दोऱ्या-दोऱ्या बघून तुझी माय काय म्हणंल?"

मी नाही म्हणू शकले असते. पण मलाही तेच हवं होतं, हे कबूल करते. आईनं ताराला पहिल्यांदा पाहावं तेव्हा तिच्या डोक्याभोवती ते केस मऊ, चमकदार, मोकळे असावेत. आईला म्हणता आलं पाहिजे होतं की पोरगी देखणी आहे. सकाळभर बसून आम्ही दोघींनी वेण्या सोडल्या. सोडून झाल्या, आणि मग बॅग उघडली. दोन्ही बाटल्यांची झाकणं निघालेली, शांपू ताराच्या परकर-पोलक्यात आणि कंडिशनर माझ्या साडीत.

वजिराबादच्या बाजारात भर दुपारी आम्ही शांपू शोधला. पहिला दुकानदार म्हणाला, "केस कोरडे का तेलकट?" मी म्हटलं, "कुरळे." "कुरळ्याचा वेगळा नसतो ताई." मी ताराला पुढं केलं. त्यानं बघितलं आणि गल्ल्यामागून बाहेर येऊन परत बघितलं. "ह्याला शांपू काय करंल? सरळ करायची क्रीम घेऊन जावा." दुसऱ्याकडं दोन रुपयांच्या पुड्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. तिथं एक गिऱ्हाईक बाई ताराकडं टक लावून बघत होती.

"पोरगी कुठली हो?"

"पुण्याची."

"न्हाई, मूळची?"

"मूळची लातूरची."

बाईनं पुड्यांची माळ चाचपायला घेतली. तारा खुदकन हसली. मला त्या दिवशी तेवढंच बरं वाटलं.

तिसऱ्या दुकानातल्या मालकीणबाईंनी रिठा सुचवला, पण रिठ्यानं हे केस आणखीच रखरखीत होतात. चौथ्यात एक बाटली दिसली, वर कुरळ्या केसांच्या मुलीचं चित्र. ऊन डोक्यात घुसलं होतं, ताराला भूक लागली होती. मागची अक्षरं न वाचता मी ती घेतली. कंडिशनर नव्हताच. आठ वर्षं जगाला जे करू नका म्हणून सांगत आले, तेच चित्र बघून केलं.

घरी मावशीची तहरी तयार होती, मसाल्याचा पिवळाधमक भात, वर तिखट चटणी. नांदेडला गेलात तर ती खा, आणि अर्धापूरची केळी, जी त्या वर्षी बोटाएवढी होती. जेवण होतंय तोच टँकर आला. मी घागर घेऊन रांगेत गेले. तासाभरानं परतले तर मावशीचा चेहरा आनंदानं फुललेला. माझा भार हलका करावा म्हणून तिनंच ताराला न्हाऊ घातलं होतं. त्या नव्या शांपूनं दोनदा फेस काढला, तोच लाइट गेली, मोटर बंद पडली. बोअरच्या खारट पाण्याची एकच बादली होती, त्यात जेवढं निघेल तेवढं धुतलं. मग टॉवेलनं खसाखसा पुसून, वर खोबरेल थापून, काळ्या दोऱ्यानं करकचून अंबाडा बांधला. "बग कसं बसवलं!" ती म्हणाली. माहेरच्या कुणी माझ्या मुलीसाठी जन्मात एवढं काही केलेलं नव्हतं. मी "छान बसलेत" म्हटलं. दोरा सोडायचा धीर मला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी लातूरची एसटी धरली. लोहा, अहमदपूर, चाकूर असा चार तासांचा रस्ता, माझं पूर्ण तिकीट, ताराचं अर्धं. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा, कारण अकरानंतर खिडकीतून येणारा वारा तव्यासारखा तापतो. खिडकीपासून सरक म्हटलं तरी तारानं ऐकलं नाही. वाटभर डोकं खिडकीच्या गजाला घासत बाहेर बघत बसली. बघायला होतं काय? काळी उघडी रानं, मेलेल्या विहिरी, आणि प्रत्येक फाट्यावर रिकाम्या घागरींच्या ओळी. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा आम्ही सुशीला खाल्ला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार. पाणी मात्र हॉटेलवाल्यानं मागितल्यावर अर्धाच पेला दिला.

पुढच्या सीटवर दोघा पागोटेवाल्यांचं चाललं होतं.

"उदगीर जिल्हा होणार म्हणतेत. खरं का?"

"हू द्या की. जिल्हा झाला की कलेक्टर येतंय, कलेक्टर आला की टँकर वाढतेत."

"आन् पानी? ते काय कलेक्टर येताना संगं आणतंय?"

अख्खी गाडी हसली. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा मी आईच्या कडेवर होते. आईनं गल्लीत साखर वाटली होती म्हणे. नव्या जिल्ह्यानं कचेऱ्या दिल्या, शाळा दिल्या, माझ्यासारख्या पोरी शिकून बाहेर पडल्या. नळाला पाणी मात्र त्या उन्हाळ्यात नव्हतं, ते रेल्वेनं येत होतं. प्रत्येक दारासमोर निळी पिंपं साखळीनं बांधलेली होती.

आई दारातच होती. म्हातारी झालीय. माझ्याकडं बघून "वाळलीस" म्हणाली आणि हातात पाण्याचा तांब्या दिला. ताराचा पेला भावजयीच्या हातून आला. तारानं रस्ताभर घोकलेला आमच्याकडचा नमस्कार, "आजी, शरणार्थ" म्हटलं आणि वाकली. आईनं पाय मागं घेतले नाहीत, पण हातही पुढं केला नाही. तिच्या डोक्यावरून पलीकडं बघत ती आत गेली. तारानं मला हळूच विचारलं, "आजीला ऐकू येत नाही का?" मी म्हटलं, "कमी येतं." एवढं बोलून मी पिशव्या आत नेल्या, कारण तिथं उभी राहिले असते तर ओरडले असते.

दुसऱ्या सकाळी मी काळा दोरा सोडला. मागचे सगळे केस एकमेकांत आवळून घोंगडीसारखे घट्ट झालेले. मानेवर दोन जाड दोर लोंबत होते. न निघालेला शांपू, खारं पाणी, टॉवेल, वारा, सगळ्यांनी मिळून काम पुरं केलं होतं. धुवायला पाणी मागायची सोय नव्हती. घरात एक पिंप पिण्याचं, एक वापराचं, आणि नळ कधी येईल ते कुणाला माहीत नाही. मी तेल लावून बोटांनीच एकेक केस ओढायला लागले. तारा किंचाळली.

"काय करायलीस लेकराला?" आई बाहेर आली. लेकराला, म्हणाली. जवळ येऊन उकिडवी बसली, वाकून बघितलं. मग तिनं झटकन हात जोडले.

"लीले, हात काढ. आधी हात काढ. जट हाय ती."

पुण्या-मुंबईच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. आमच्याकडं बाईच्या केसांत न सुटणारा गुंता झाला की त्याला जट म्हणतात. देवीनं तिला आपली म्हणून बोलावलं असं मानतात. ती विंचरायची नाही, कापायची नाही, उलट हळद-कुंकू लावून सांभाळायची.

"आई, तो शांपू आहे," मी म्हटलं. "शांपू आणि बोअरचं पाणी."

"बोअरचं पानी सगळ्या गावाच्या डोक्यावर पडायलंय. कुणाला आली का जट?"

मी बोटांचं तेल पुसलं. तोवर आईनं ताराला मांडीवर ओढून घेतलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. तिच्या गालावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "तारामाय, रडू नको. आता कुणी वढणार न्हाई तुला." तारा हुंदके देत होती, ती हळूहळू थांबली आणि तिनं आजीच्या छातीवर डोकं टेकलं. इतकी वर्षं मी जे चित्र मनात रंगवत होते ते समोर होतं, आणि ते बघवत नव्हतं.

त्या दिवशी जावळ झालं. भाचा वस्तऱ्याखाली भोकांड पसरून रडत होता, आणि निम्म्या बायका ताराला कुंकू लावायला रांगेत उभ्या होत्या. तारा पाटावर बसलेली, कपाळ लालभडक, ओटीत खोबऱ्याच्या वाट्या. हिला कुणी 'कुठली' म्हणून विचारलं नाही. आईनं पुरणपोळीचा पहिला घास तिला भरवला. भावजय मला म्हणाली, "अक्का, लई भाग्याची हाय बघा तुमची पोरगी." मी मान डोलावली.

दुपारी मी एकटीच गंजगोलाईत गेले. गोल बाजार, चहूबाजूंनी फुटणारे रस्ते, हरवायची भीती नाही, चालत राहिलं की परत तिथंच येता. एका मोठ्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात मी कुरळ्या केसांचा शांपू मागितला आणि मागच्या अक्षरांपासून सुरुवात केली. तिथली विक्रेती पोरगी वीसेकची, केस काठीसारखे सरळ.

"मला माहीत हाय तुमाला काय पाहिजे," ती म्हणाली. "माझे बी कुरळेच हायेत. दर सहा महिन्याला सरळ करते. आमच्याकडं बघायला येणारे म्हणतेत, पोरीचं डोकं पसरलंय."

तिनं मागच्या फळीवरून धुळीची बाटली काढून दिली. कुणी मागत नाही म्हणून मागं सरकवलेली. सौम्य, सल्फेट नसलेला, आणि जोडीला जाडसर कंडिशनर. दोन्ही मिळून येतानाच्या एसटी तिकिटांपेक्षा महाग पडले, पण अगदी हवे तेच. आनंदात मी निलंगा राईसची एक प्लेट घेतली, तिखट फोडणीचा भात, आणि उभ्या-उभ्या खाल्ली. गुंता आज सोडवायचाच असं ठरवून घरी आले.

आई माजघरात पाय पसरून बसली होती. तिच्या मांडीवर ताराचं डोकं. आई तिला मी लहानपणी भुसाराच्या पोत्यांत कशी लपायची ते सांगत होती आणि तारा खदखदून हसत होती. आईच्या तोंडून माझं नाव नऊ वर्षांनी हसऱ्या आवाजात येत होतं. मी बाटल्या बॅगेच्या तळाशी, साडीखाली सरकवल्या.

तीन दिवस मी गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. तिसऱ्या दिवशी नळ आला, गल्लीत एकच धावपळ उडाली, घरातली पातेली-तपेलीसुद्धा भरली. पाणी होतं, शांपू होता, हात होते. "तू न्हा," आई म्हणाली, "तारामायच्या डोक्याला पानी लावू नको." मी एकटीच न्हाले.

न्हाऊन बाहेर आले तेव्हा आई पिंपापाशी होती. "सुट्टी संपली तरी राहू दे तिला हितं," ती म्हणाली. "शाळा हितं बी हाय."

"आणि पुढं?"

"पुढं काय? तिच्या लग्नाची फिकीर करू नको. देवीची झाली ती. देवीच्या लेकराला जात नसती, रंग नसतो. कोण काय इचारणार?"

मी विचारलं, "आणि देवीची नसती तर, आई?"

तिनं पिंपाचं झाकण उचलून परत नीट बसवलं. "घागर भरून घे," म्हणाली, "नळ जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही निघालो. आई स्टँडवर आली. धपाटे बांधून दिले, दह्याची वाटी दिली. बस लागली तेव्हा ती भर गर्दीत वाकली आणि ताराच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला. ताराला गुदगुल्या झाल्या. माझी मान खाली गेली ती पुणं येईपर्यंत वर झाली नाही.

घरी ते केस सोडवायला दोन दिवस लागले, रोज चार तास. असं कुणावर आलंच तर कंडिशनर थापून अर्धा तास ठेवा, मग खालून, केसागणिक, आणि मध्ये मध्ये पाण्याचा हात. एक जट पूर्ण सुटली. दुसरी मुळापाशी कापावी लागली, तिथं आता वरच्या केसांनी झाकावं लागतं. तारा एकदाही रडली नाही. एवढंच विचारलं, "आता आजी माझ्याशी बोलणार नाही ना?" मी म्हटलं, "बोलेल की." ओतिएनो शेजारी बसून होता. त्याला मराठी येतं. तो उठून बाल्कनीत गेला.

प्रवासातून काय राहिलं, असं शेवटी लिहायची पद्धत असते. शांपू चांगला आहे, तो राहिला. रस्ता चांगला आहे, पाणी बरोबर न्या. बाकी मला वाटतं मी माझ्या मुलीला एका घरात नेलं आणि तिथं तिच्या जटेला घेतलं गेलं, तिला नाही. हे तिला कधीतरी समजेल आणि तेव्हा मी काय सांगणार, मला माहीत नाही.

रविवारी आईचा फोन आला. नऊ वर्षांनी तिच्या फोनवरून माझा नंबर लागला होता. तिनं माझी चौकशी केली नाही, ताराला मागितलं. मी फोन स्पीकरवर टाकला. तारा नुकतीच न्हाली होती, केस मऊ होऊन खांद्यावर उतरले होते.

"तारामाय, जट नीट हाय ना गं? आईनं हात तर न्हाई लावला?"

तारानं माझ्याकडं पाहिलं. मी काही म्हणेन म्हणून थोडी थांबली. मग फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "हाय आजी. लई मोठी झाली."

पलीकडून आई किती तरी वेळ तिच्याशी बोलत होती. फोन ठेवून तारा आत गेली आणि माझी एक ओढणी घेऊन आली. "आई, आजीनं व्हिडिओ लावला तर आधी माझ्या डोक्याला ही बांधत जा," ती म्हणाली. "कसं बांधायचं ते आत्ताच दाखव."

मी दाखवलं.